शेंडीवाली गार

मध्यंतरी एकदा पहाटे साडेपाचला टेक्सासहून भाच्याचा फोन आला. पहाटेच्या फोनचा आमच्या घरात अजूनही एकच अर्थ लावतात, त्यामुळे हिने आधी देवापुढे दिवा लावला आणि मग फोन माझ्या हातात दिला.

"मामा, छप्पर गेलं."

"उडालं?"

"नाही, जागेवर आहे."

"कोसळलं?"

"छे."

"गळतंय तरी?"

"एक थेंब नाही."

मग गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, ते मला कळेना. आमच्या राजोडीत छप्पर गेलं म्हणतात तेव्हा ते शेजाऱ्याच्या केळीत सापडतं. "हेल पडली, मामा," तो म्हणाला. आमच्याकडे बोलताना हेल काढतात आणि दाखल्यासाठी हेलपाटे घालतात. हेल पडते हे मला नवीन होतं. "अरे गारा, गारा! गोल्फ बॉलएवढ्या!" आयुष्यात गोल्फ न खेळलेला, वाडीत झावळीच्या बॅटने क्रिकेट खेळलेला हा मुलगा. पण त्या देशात गारा अशाच मोजतात म्हणे. वाटाण्याएवढी, नाण्याएवढी, गोल्फ बॉलएवढी, बेसबॉलएवढी. एक इंचाची झाली की सरकारी हवामान खातं वादळाला 'गंभीर' म्हणतं. २०१०च्या आधी पाऊण इंचालाच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि मला ते गेलेलं छप्पर दाखवलं. मी चष्मा पुसून पाहिलं. आमच्या पाहुण्यांपैकी कुणाचंही छप्पर इतकं आलेलं नाही.

तिकडच्या छपराची रचना अशी. खाली प्लायवूड, त्यावर कागद, त्यावर डांबरात भिजवलेल्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर बारीक रंगीत खडी. हात फिरवला तर पॉलिशपेपर. गारेने ही खडी उडते. खडी उडाली की खालचं डांबर उन्हाला उघडं पडतं, वाळतं, तडकतं आणि वर्ष-दोन वर्षांनी कधीतरी गळायला लागतं. म्हणजे मार आज आणि रडू पुढच्या-पुढच्या वर्षी. पन्हळीच्या नळाखाली साचलेली मूठभर खडी भाच्याने ओंजळीत घेऊन मला कॅमेऱ्यासमोर दाखवली. ज्या चेहऱ्याने त्याने ती धरली होती, त्या चेहऱ्याने आमच्याकडे अस्थी धरतात.

गारा थांबून तास झाला नाही तोच दारावर टकटक सुरू झाली होती. छप्परवाले. कुठून कुठून गाड्या घेऊन गारांच्या मागे फिरतात, फुकट तपासून देतो म्हणतात. आम्ही राजोडीत कौलं चाळायला माणूस मिळावा म्हणून त्याच्या मेहुण्याच्या साखरपुड्याला आहेर करतो, आणि तिथे तो दार वाजवून आत घ्या म्हणतो! भाचा मात्र हुशार. आधी विम्याचा माणूस बोलावला. तो शिडी लावून चढला, छपरावर खडूने दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखला आणि त्यातल्या एकेका माराभोवती गोल काढून गोल मोजत बसला. पाख्यामागे ठरावीक मार भरले की पाखं बदलायचं. मी पस्तीस वर्षं शाळेत काढली, पण मार मोजायची ही पद्धत आम्हाला कधी सुचली नाही.

शिवाय विम्यातला पहिला काही हिस्सा मालकाने स्वतः भरायचा असतो. तो 'आम्ही सांभाळून घेतो' असं छप्परवाल्याने म्हणायला टेक्सासात २०१९च्या कायद्याने बंदी आहे. 'सांभाळून घेतो' यावर बंदी घालून एखादं राज्य चालतं, हेच मला पहिल्यांदा कळलं.

हे सगळं दाखवून झाल्यावर त्याने फोनचा रोख माझ्याकडे वळवला.

"मामा, तुमचं छप्पर शेवटचं कधी तपासलं?"

"गळलं तेव्हा."

"आणि तपासून काय केलं?"

"पातेलं ठेवलं."

तो गप्प झाला. मग अमेरिकेत राहून माणसाला येतो त्या सौम्य आवाजात म्हणाला, "मामा, हेल तुमच्याकडेही पडू शकते."

आता राजोडी म्हणजे नालासोपाऱ्याहून पश्चिमेला वाड्यांमधून निघायचं आणि पुढे समुद्रच आला म्हणून थांबायचं, तिथलं गाव. कळंब आणि अर्नाळ्याच्या मधला किनारा. सुरूची झाडं, केळी, विहिरी, आणि शनिवार-रविवारी रिसॉर्टांच्या पत्र्याच्या शेडींत नाचणारी मुंबई. इथे पत्र्यावर गारा पडलेल्या मी उभ्या आयुष्यात पाहिल्या नाहीत. याला कारण आहे, आणि विज्ञान शिकवलेल्या माणसाला कारण माहीत असलं की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गार वळावी लागते, बुंदीच्या लाडवासारखी. उंचच उंच ढग, त्याच्या पोटात वर चढणारा जोरकस वारा. तो पाण्याचा थेंब गोठणाऱ्या थंडीत नेतो, तिथे त्यावर आणखी पाणी चिकटून थिजतं, थरावर थर चढतो, आणि वजन वाऱ्याला पेलेनासं झालं की गार सुटते. मार्च-एप्रिलच्या दुपारी मराठवाडा-विदर्भाची जमीन तव्यासारखी तापते आणि वर थंड हवा आली की हा कारखाना सुरू होतो. आमच्याकडे दुपार झाली की समुद्र वारा घालायला लागतो. तवा तापतच नाही. आणि पावसाळ्यात पाणी गोठण्याची रेषा असते पाचेक किलोमीटर उंचीवर. तिथून निघालेल्या बारीक बर्फाचं खालच्या गरम हवेत पाणी होतं. राजोडीसाठी निघालेली गार राजोडीपर्यंत टिकत नाही. दादरहून विरार फास्टने आणलेल्या आइस्क्रीमचं जे होतं तेच.

पण म्हणून वरून काही पडतच नाही असं नाही. आमच्या घराला खेटून सहा माड आहेत.

मी भाच्याला विचारलं, तुमची ती गारप्रूफ छपरं असतात त्यांची परीक्षा कशी घेतात? तो म्हणाला, सर्वांत वरच्या, चौथ्या श्रेणीला दोन इंची पोलादी गोळा वीस फुटांवरून, एकाच जागी दोनदा टाकतात. तडा गेला नाही तर पास. मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. दोन इंची पोलादी गोळा भरतो साधारण अर्धा किलो. सोडणासकट नारळ दीड किलो. माड पन्नास फुटी, त्यातून आमच्या कौलांची उंची वजा केली तर पडायला उरतात पस्तीस फूट. वजन गुणिले उंची. आमचा नारळ त्यांच्या पोलादी गोळ्याच्या पाचपट मारतो. आणि दोनदाच मारतो असंही नाही. वर्षभर, दिवसा-रात्री, सणावारी, पाहुणे जेवत असताना.

अमेरिकेत आजवर सापडलेली सर्वांत मोठी गार २३ जुलै २०१० रोजी साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावात पडली. व्यास आठ इंच. ज्याला सापडली त्याने ती फ्रीजरमध्ये ठेवली, तर नेमकी वीज गेली आणि मोजमाप व्हायच्या आधी ती थोडी वितळली. (वीज तिकडेही जाते, हे वाचून मला त्या देशाबद्दल आपुलकी वाटली.) तरीही वजन भरलं सुमारे ८८० ग्रॅम. म्हणजे आकाराने नारळ आणि वजनाला आमच्या साध्या, नावगाव नसलेल्या, कुठे नोंद न झालेल्या नारळाच्या निम्म्याहून जराच जास्त. गारपीट आमच्याकडे बारमाही आहे. आमच्या गारेला शेंडी असते, इतकंच.

गार आणि नारळ यांत एक फरक मात्र आहे, आणि तो आमच्या संसाराच्या मुळाशी गेलेला आहे. छपरावर धप्प झालं की ही स्वयंपाकघरातून विचारते, "फुटला का?" आणि मी ओसरीवरून विचारतो, "फुटलं का?" ती नारळाबद्दल बोलत असते आणि मी कौलाबद्दल. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही.

खरी, बर्फाची गारपीट मी पाहिली ती हिच्या माहेरी, लातूर जिल्ह्यात, २०१४ साली मार्चमध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून पंधरा-वीस दिवस मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्र गारांनी अक्षरशः झोडपून काढला होता. आम्ही एका साखरपुड्याला गेलो होतो. दुपारी आभाळ अंजिरी झालं, आणि अंगणात कुणीतरी खडे मारावेत तसा टप्-टप् आवाज सुरू झाला. सासुरवाडीची जुनी बाजू माळवदाची. लाकडाच्या पटईवर मातीचा जाड थर, वर चालता येईल असं सपाट छप्पर. नवी बाजू पत्र्याची. पत्र्याखाली उभा राहिलो तर शेजारचा माणूस तोंड हलवतोय एवढंच कळत होतं. माळवदाखाली गेलो तर घर शांत, घड्याळाची टिकटिक ऐकू यावी इतकं. मातीने मार गिळला होता. पाणी मात्र तिने दोन तासांनी, गारा वितळल्यावर, सावकाश सासऱ्यांच्या अंथरुणावर सोडलं.

मी कोकणचा जावई. गार पाहिलेली नाही, तेव्हा गार वेचायला छत्री घेऊन धावलो. गारा जमाव्यात म्हणून छत्री उलटी धरली. ती उलटी धरल्यावर डोक्यावर काहीच उरत नाही, हे विज्ञान शिक्षकाच्या ध्यानात आलं नाही.

"जावईबापू, मधी या की!" सासूबाई ओरडल्या. मधी गेलो तेव्हा कपाळावर टेंगूळ होतं, आणि घरातली पोरं त्यावर लावायला बाहेरून गारच घेऊन आली.

ती गार आवळ्याएवढी होती. संध्याकाळी पारावर ती लिंबाएवढी झाली, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला पोचेपर्यंत मोसंबीएवढी. गोल्फ बॉलपेक्षा हे माप मला बरं वाटतं. निदान वाढतं तरी.

सकाळी सासऱ्यांबरोबर शेतावर गेलो. घराचे पत्रे नुसते पोचे पडून, जागच्या जागी वाजत होते. शेतात उभी ज्वारी नव्हती, काढायला आलेला गहू मातीत लोळला होता, आणि बांधाच्या सावलीत अजून पांढरं साचलेलं होतं. सासरे त्या पांढऱ्याकडे पाहत उभे राहिले आणि मग त्यांनी मला विचारलं, "कपाळ कसंय?" मी म्हटलं, बरंय.

पंचनाम्याला माणूस आला तेव्हा मी होतो. घराच्या पडझडीची मदत मिळायची तर निदान पंधरा टक्के नुकसान दिसावं लागतं. आता पोचे पडलेल्या पत्र्याचं टक्क्यांत काय करायचं? पत्रा शंभर टक्के आहे आणि शंभर टक्के बिघडलेलाही आहे. पाणी धरतो, पण पोच्यात जस्ताचा थर तडकलाय आणि तिथे दोन पावसाळ्यांनी गंज येणार आहे. आजचा मार, पुढच्या-पुढच्या वर्षीचं रडू, हे टेक्सासच्या खडीचं गणित लातूरच्या पत्र्यालाही लागू होतं. फक्त खडू घेऊन पत्र्यावर चढणारं कुणी नव्हतं.

भाच्याचा फोन ठेवल्यावर मला या खडूची गंमत वाटत राहिली, कारण छपराभोवतीचे गोल मी लहानपणी पाहिलेले होते. ते वर नव्हते, खाली होते.

आमच्या घराला तीन जातींची छपरं आहेत, आणि तिन्ही तीन पिढ्यांनी पैसे संपले तिथे थांबवलेली आहेत. मुख्य घर आजोबांचं, मंगळुरी कौलांचं. मागची पडवी वडिलांची, सिमेंटच्या पत्र्याची. न्हाणीघर माझं, स्लॅबचं. आजोबांच्या कौलांच्या पोटावर १८६५ असा आकडा उठवलेला आहे. ते मंगळूरला बेसल मिशनने कौलांचा कारखाना काढला ते साल. पण आढ्याकडे पाहून पाहुणे घर दीडशे वर्षांचं समजतात, आणि आम्ही समजू देतो.

वैशाखात, भर बाराला, आजी या घराची सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायची. आम्ही पोरं आत. घटकाभर काही दिसायचं नाही. मग डोळे सरावले की वरून उतरलेल्या उन्हाच्या काठ्या दिसायच्या, त्यांत धूळ सावकाश वर-खाली करत असायची, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर रुपयाएवढे गोल कवडसे. आजी वाकून त्यात तळहात धरायची. हातावर ऊन पडलं की मान वर करून त्या काठीच्या उगमाकडे बघायची आणि म्हणायची, "हे आषाढातलं पाणी." मग पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन कवडशाभोवती गोल काढायची. एक मोठा चौकोनी कवडसा काचेच्या कौलाचा असायचा. तो मोजायचा नाही. बाकीचे मोजून झाले की माळ्यावरून तितकी पातेली खाली यायची. छपराची तपासणी पुरी.

वर चढून कौल फुटलंय का पाहायला गेलं तर कोळ्याची जाळी, शेवाळ, पाचोळा यांत काही उमगत नाही. आत अंधार करून ऊन कुठून येतं ते पाहायचं. जिथून ऊन येतं तिथून पाणी येणार. सिमेंटच्या पत्र्याची केसाएवढी चीर दिवसा अशीच सापडते. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि टेक्सासच्या माणसाला हे करता येत नाही, कारण त्याच्या छपराखाली प्लायवूड, कापूस आणि खोटं छत आहे.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी सूर्यग्रहण लागलं. खग्रास कारवारकडे, पण आमच्याकडेही सूर्याची जेमतेम कोर उरली होती. गावात सगळी दारं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. आमच्याही घरात अंधार, आणि जमिनीवर कवडसे. पाहतो तर काय, एकूण एक कवडसा चंद्रकोरीसारखा वाकडा! फटीतून पडतो तो कवडसा म्हणजे सूर्याचं चित्रच असतं, सूर्य कोरीएवढा झाला की कवडसाही कोर होणार, हे मला पुढे शिकवताना फार उपयोगी पडलं. आजीने मात्र त्या सगळ्या कोरींकडे एकदा नजर फिरवली आणि आजोबांना म्हणाली, "फटी वाकल्या. यंदा अख्खं पाखं उतरवावं लागणार."

उतरवलं.

आजीच्या पद्धतीत एक दोष होता. चुन्याची वर्तुळं बाराची असायची आणि कौलं चाळणारा माणूस तीनचा. तोवर कवडसे सरकून बाराचा पाटाजवळचा कवडसा तीनला आजोबांच्या टकलावर आलेला असायचा. मग आतून आजोबा बांबूने कौल ढोसायचे.

"हे! हे बघ!"

"कुठलं?"

"हे, हलतंय ते!"

"सगळीच हलतायत!"

"माझ्या डोक्यावरचं!"

"तुमचं डोकं मला दिसत नाही!"

हा संवाद अजून चालू आहे. फक्त आजोबांच्या जागी मी आहे, आणि वरचा माणूस मोबाइलवर बोलतो. त्यामुळे एक 'कुठलं?' वरून ऐकू येतं आणि एक कानात.

छप्पर तपासण्याबद्दल एक गोष्ट टेक्सासातले लोक बोलत नाहीत: छपरं तपासल्यानेही फुटतात. कौलावर चालायचं तर जिथे खाली वासा आहे त्याच रेषेवर. पत्र्यावर चालायचं तर हुकांच्या रांगेवरून, कारण हुकाखाली आडवा पाइप असतो. रांग सोडून पाय ठेवला की माणूस थेट पडवीत. सिमेंटचा जुना पत्रा तर पापडासारखा. मुळात स्वतः चढूच नये, माणूस बोलवावा. आमचा माणूस एकदा तीन फुटकी कौलं शोधायला चढला आणि उतरला तेव्हा चौदा फुटकी होती. "बरं झालं बघितलं," तो घाम पुसत म्हणाला, "तीन कसली, चौदा निघाली!" मी त्याला चौदांचे पैसे दिले.

राजोडीच्या छपराचा खरा शत्रू वरून येत नाही, तो खालून हात घालतो. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या समोरून समुद्रातून गुजरातकडे गेलं. कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा नोंदला गेला. लोकांना वाटतं वारा छप्पर दाबतो. तो दाबत नाही, उचलतो. छपरावरून वेगाने गेला की वरचा दाब कमी होतो, खालून पडवीत शिरलेला वारा ढकलतो, आणि पत्रा सुटायला बघतो. त्या क्षणी सगळा भार त्या वीतभर हुकावर. आणि हुक कसा? वीस वर्षं खारा वारा खाल्लेला, आटा गळालेला, वायसर उन्हाने बिस्किटासारखा झालेला. हुकाच्या मुळाशी चहाच्या डागासारखा तांबूस गोल दिसायला लागला की हुक गेला समजावं. आमच्या पडवीच्या सगळ्या हुकांना तो गोल होता. मला वाटायचं, शोभा आहे.

दोन पत्रे गेले, केळीत सापडले, तुकड्यांनी. त्या बदल्यात अंगणात एक अख्खा निळा लोखंडी पत्रा येऊन पडला होता. लॉकडाऊनचे दिवस, एकमेकांकडे जायला माणसांना मनाई होती, पत्र्यांना नव्हती. दुसऱ्या दिवशी तोंडाला मास्क लावून गावभर लोक फिरत होते आणि चुकलेल्या शेळीची चौकशी करावी तसं फाटकापाशी उभे राहून विचारत होते, "आमचा पत्रा आलाय का?" आमचा निळा कुणी ओळखेना. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आळीतले काका आले, पत्र्याला प्रदक्षिणा घातली आणि एका पोच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा आमचाच. हा २०१६च्या नारळाचा."

तेव्हा मार मोजून ठेवावेत हे खरं.

तौक्तेनंतर मी शहाणा झालो. हुक बदलले, वायसर बदलले, दिवाळी झाली की एकदा आणि शिमगा झाला की एकदा असं छप्पर बघायचं ठरवलं. ठरवलेलं चार वर्षं टिकलं, म्हणजे ठरवलेलंच राहिलं. २०२५च्या एप्रिलात मी दारं लावून आजीसारखे कवडसे मोजले. सत्तावीस. कौलं चाळणाऱ्या माणसाच्या दारी हेलपाटे सुरू केले. (हेल पडते ती अशी.) तो म्हणाला, मृगाला अजून वेळ आहे, मास्तर. मृग लागतो सात-आठ जूनला, मुंबईत मान्सून यायची तारीख अकरा जून. सगळं गाव मेच्या अखेरीस शाकारणी करतं, त्यात घाई कसली? तारीख दिली २५ मे, रविवार. सांगितल्याप्रमाणे आला, हेच मला खटकायला हवं होतं. दिवसभरात पश्चिमेचं पाखं उतरवलं, कौलं अंगणात रचली, संध्याकाळी हात धुऊन म्हणाला, "रिपा बदलून उद्या चढवू."

रात्री पाऊस सुरू झाला. २६ मेला हवामान खात्याने जाहीर केलं, मान्सून मुंबईत दाखल, पंचाहत्तर वर्षांत सर्वांत लवकर. पंचाहत्तर वर्षं तो थांबला होता, आमचं पाखं उतरवायची वाट बघत.

उघड्या वाशांतून आभाळ थेट माजघरात उतरलं होतं. मी निळं प्लास्टिक घेऊन धावलो. ते पाख्याला दोन हात कमी पडलं. आजीची पातेली सगळी खाली आली. पितळेच्या पातेल्याचा टण्, ॲल्युमिनियमचा टक्, प्लास्टिकच्या बादलीचा ठप्. तासाभरात सगळ्यांचा आवाज एक झाला, कारण पातेली भरली. ही पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, "आता मोजा कवडसे."

भाच्याने मात्र याही वेळी वेळेत सगळं केलं. विम्याचा माणूस आला, गोल मोजले, पैसे मंजूर झाले, पाच-सहा माणसं सकाळी सातला आली आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत पूर्ण छप्पर बदलून, अंगणात लोहचुंबक फिरवून, सांडलेला खिळा न् खिळा वेचून गेली. कालच सकाळी त्याने आम्हाला ते नवीन छप्पर दाखवायला फोन केला. तिकडे रात्र होती, त्यामुळे छप्पर दिसत नव्हतं, पण तो बॅटरी मारून दाखवत होता. चौथी श्रेणी, मामा. पोलादी गोळा. तीस वर्षांची वॉरंटी.

"तुमच्याकडे किती वर्षांची असते?" त्याने विचारलं.

मी उत्तराची जुळवाजुळव करतोय तोच डोक्यावर धाड्‌कन आवाज झाला, मग घरंगळण्याचा, मग मागच्या अंगणात धप्प.

"मामा! हेल?" बॅटरी धरलेला त्याचा हात तिकडे थबकला.

मी वर पाहिलं. आढ्याच्या पूर्वेला, परवापर्यंत जिथे नुसता अंधार होता तिथून उन्हाची एक कोवळी तिरपी काठी खाली उतरली होती, आणि हिच्या पोळपाटावर, अर्ध्या लाटलेल्या पोळीच्या मधोमध, रुपयाएवढा गोल पडला होता.

हिने लाटणं थांबवलं.

"फुटला का?"

"फुटलं," मी म्हटलं.